सेरेंगेटीचा गुलाबी-निळा सरडा: एका ओळखीची पूर्ण हकीकत

ठाण्याच्या एका ओळखीच्या काकांनी केनिया-टांझानियाच्या सहलीतले फोटो पाठवले. सिंह, हत्ती, नदी ओलांडणारे वाइल्डबीस्ट यांच्या गर्दीत तीन फोटो सरड्यांचे होते आणि तिन्हींखाली नाव एकच होतं, अगामा अगामा. नाव फोनमधल्या ॲपने सुचवलं होतं. गाइडनेही 'अगामा, अगामा' असं म्हटल्याचं त्यांना आठवत होतं. निसर्गप्रेमी मंडळाच्या छायाचित्र प्रदर्शनात हे फोटो लावायचे होते, म्हणून त्यांनी विचारलं, "अरे, एकाचं डोकं गुलाबी, दुसऱ्याचं केशरी, तिसरा नुसता मातकट. हे तिन्ही एकच कसे?"

प्रश्न रास्त होता. पूर्व आफ्रिकेच्या सहलीहून परतणाऱ्या मराठी मंडळींच्या अल्बममध्ये मी हे नाव इतक्या वेळा पाहिलं आहे की या एका प्रकरणाची ओळख कशी पटवली, कुठे खात्री झाली आणि कुठे थांबावं लागलं, हे सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. पक्ष्यांच्या बाबतीत आपण फार काटेकोर असतो. मधुबाजाची उपजात कोणती यावर तासभर वाद घालणारी माणसं सरड्याच्या फोटोखाली पहिलं मिळेल ते नाव टाकून मोकळी होतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फोटोंत काय दिसत होतं

पहिला फोटो सेरेंगेटीतल्या सेरोनेरा भागातला. या गवताळ मैदानात अधूनमधून ग्रॅनाइटच्या मोठाल्या गोलसर शिळांचे उंचवटे उभे आहेत. त्यांना तिकडे कोप्ये म्हणतात. अतिप्राचीन खडक, भोवतालची माती झिजून गेल्यावर उघडा पडलेला. अशाच एका शिळेच्या टोकावर सरडा पुढच्या पायांवर छाती उचलून बसला होता. डोकं, मान, खांदे आणि छातीचा वरचा भाग गडद गुलाबी, जांभळ्याकडे झुकणारा. खांद्यांच्या मागे रंग एकदम बदलतो आणि उरलेलं धड, पाय, शेपूट सगळं निळं. समाजमाध्यमांवर याला 'स्पायडरमॅन सरडा' म्हणतात. काकांनी फोटो मोठा करता येईल एवढा स्वच्छ काढला होता. डोकं वरून पाहिल्यासारखं दिसत होतं आणि ते चांगलंच चपटं होतं. धडही खडकाला चिकटवल्यासारखं चपटं. शेपटीवर ठळक आडवे पट्टे नव्हते.

दुसरा फोटो केनियातल्या नैवाशा सरोवराजवळच्या मुक्कामातला, दगडी भिंतीवरचा. डोकं आणि गळा केशरी-तांबडा, धड गडद निळं, आणि शेपटीवर फिकट-गडद निळ्या रंगांचे आडवे पट्टे एकामागून एक. शेपटीचं टोक मात्र चौकटीबाहेर गेलेलं.

तिसरा फोटो केनियातल्याच एल्मेन्टाइटा सरोवराच्या परिसरातला. करड्या खडकावर मातकट तपकिरी सरडा, पाठीवर अस्पष्ट फिकट ठिपके, अंग आक्रसलेलं. डोकं कॅमेऱ्याकडे, शेपूट शिळेच्या मागे. वेळ सकाळी सातच्या सुमाराची.

आधी कुळ, मग वंश

जातीकडे धावण्याआधी एक पायरी खाली उतरून पाहावं, अशी सवय मी लावून घेतली आहे. तिन्ही फोटोंत हलणाऱ्या पापण्या होत्या, मान आवळलेली, डोकं त्रिकोणी, अंगावरचे खवले खरखरीत आणि पाय लांब. पापण्यांमुळे पाली बाद झाल्या, कारण पूर्व आफ्रिकेतल्या बहुतेक पालींना हलत्या पापण्या नसतात. खरखरीत अंग आणि आवळलेली मान पाहून तुळतुळीत सापसुरळ्याही बाद. म्हणजे कुळ अगामिडी, आपल्या बागेतल्या सरड्याचंच कुळ.

पण या कुळातले पूर्व आफ्रिकेतले सगळे सरडे अगामा वंशाचे नसतात (वंश म्हणजे कुळातला जवळच्या जातींचा गट). झाडांवर राहणारा अकँथोसर्कस नावाचा वंश तिथे सर्रास दिसतो. त्याचा नर धडाने मातकट-हिरवट आणि डोक्याने झगझगीत निळा असतो, खांद्यावर काळा डाग असतो. बाभळीच्या खोडावर मान वर-खाली करणारा निळ्या डोक्याचा सरडा दिसला तर तो हा. आपल्या तीन फोटोंत पहिल्या दोघांचे रंग याच्या अगदी उलट, डोकं तांबूस आणि धड निळं. तिसऱ्यात रंगच नव्हता, पण खांद्यावरचा काळा डागही नव्हता आणि कानाजवळ काटेरी खवल्यांचे झुपके दिसत होते. मुक्काम खडकावर. इथपर्यंत तिन्ही अगामा वंशाचे म्हणायला हरकत नव्हती.

या वंशात आज चाळीसहून अधिक जाती मानल्या जातात, सगळ्या आफ्रिकेतल्या. खरी अडचण पुढेच आहे.

रंगावर किती भरवसा ठेवायचा

काकांचा पहिला युक्तिवाद रंगाचा होता: रंग वेगळा म्हणजे जात वेगळी. तो चुकीचा नाही, पण एकट्याच्या बळावर पुरत नाही.

अगामाच्या टोळीत एका शिळेवर साधारण एक वरचढ नर आणि त्याच्याभोवती अनेक माद्या व पिल्लं असतात. झगझगीत रंग असतो तो या वरचढ नराचा. दुय्यम नर, माद्या आणि पिल्लं सगळी तपकिरी. वरचढ नरही चोवीस तास रंगीत नसतो. पहाटे गारठलेला असताना तो मळकट दिसतो, ऊन अंगात मुरलं की रंग चढतो. झटापटीत किंवा घाबरल्यावर रंग उतरतो. त्वचेतल्या काळ्या रंगपेशींमधलं रंगद्रव्य पसरतं किंवा आकसतं आणि त्याबरोबर वरचा निळा-तांबडा रंग झाकला जातो किंवा उघडा पडतो. त्यामुळे एकाच सरड्याचे सकाळी सात आणि दुपारी बाराचे फोटो शेजारी ठेवले तर दोन जाती वाटाव्यात.

याचं उत्तम उदाहरण आपल्याकडे आहे. दक्षिण भारतातला दगडी सरडा, सॅमोफिलस डॉर्सालिस, नंदी हिल्सला गेलेल्यांनी नक्की पाहिलेला असतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अनुराधा बताब्याल आणि मारिया ठाकर यांनी त्याच्या नरांचे रंग मोजले. मादीसमोर असताना पाठ तांबडी आणि कुशी काळ्या; दुसऱ्या नराशी सामना असताना पाठ पिवळी आणि कुशी केशरी. तोच नर, काही मिनिटांच्या अंतराने. नुसत्या फोटोवरून कुणी याच्या दोन जाती केल्या असत्या तर त्याला दोष देणं अवघड गेलं असतं.

म्हणून रंगाचं मी असं ठरवलं आहे: पूर्ण रंगात आलेला वरचढ नर असेल तर रंगाची *मांडणी* विचारात घ्यायची, छटा नाही. गुलाबी की तांबडा हा प्रश्न कॅमेऱ्याच्या सेटिंगनेही बदलतो. तांबूस भाग कुठे संपतो, गळ्यावर काय आहे, शेपटीला पट्टे आहेत की नाहीत, हे तसं बदलत नाही. पहिल्या फोटोत तांबूस भाग खांदे आणि छाती व्यापतो आणि शेपूट एकसारखी आहे. दुसऱ्यात तो डोकं-गळ्यापुरता आहे आणि शेपटीला पट्टे आहेत. मांडणी दोन्हींत वेगळी आहे. काकांची शंका इथे बरोबर निघाली.

नावाच्या मागची अडीचशे वर्षं

मग ॲपने तिन्हींना अगामा अगामा का म्हटलं? त्याचं उत्तर या नावाच्या इतिहासात आहे, आणि हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत 'लासेर्टा अगामा' या नावाने एक सरडा नोंदवला. वसतिस्थान म्हणून त्याने लिहिलं अमेरिका. त्या काळी जहाजांतून युरोपात पोचलेल्या नमुन्यांच्या बरणीवर नीट पत्ता असेलच असं नव्हतं. १८०२ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ याने अगामा हा स्वतंत्र वंश केला आणि मग जगभरातले काटेरी, पापण्यांचे सरडे त्या एका गाठोड्यात जमा होत गेले. आपल्या कुंपणावरचा सरडा, आजचा कॅलोटीस वर्सिकलर, त्याच वर्षी दोदँने 'अगामा वर्सिकलर' म्हणून नोंदवला होता. वर उल्लेख केलेला दगडी सरडाही १८३१ साली ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ग्रे याने 'अगामा डॉर्सालिस' म्हणूनच जगासमोर आणला. पुढे भारतीय सरडे या वंशातून बाहेर काढले गेले आणि अगामा हे नाव आफ्रिकेपुरतं उरलं.

आफ्रिकेत मात्र गाठोडं बराच काळ तसंच राहिलं. पूर्व आफ्रिकेतला केशरी डोक्याचा सरडा ब्रिटिश संग्रहालयातल्या बुलेंजर या प्राणिशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये अगामा लायोनोटस या नावाने वर्णिला होता. रुडॉल्फ सरोवराकडे, म्हणजे आजच्या तुर्कानाकडे गेलेल्या डोनाल्डसन स्मिथ यांच्या मोहिमेतल्या संग्रहावर तो काम करत होता. तरीही विसाव्या शतकात बराच काळ तो अगामा अगामाची उपजात म्हणूनच मोजला गेला. सेनेगलपासून केनियापर्यंत तांबूस डोकं आणि निळं धड दिसलं की जात एकच, असा तो हिशेब होता. जुनी मार्गदर्शक पुस्तकं, संग्रहालयांतल्या चिठ्ठ्या आणि इंटरनेटवरचे लाखो फोटो त्याच हिशेबाने नाव लावलेले आहेत. ॲप त्या फोटोंवरूनच शिकतं.

गाठोडं सुटायला सुरुवात झाली ती जर्मनीतल्या बॉन शहराच्या अलेक्झांडर क्योनिग संग्रहालयात. वोल्फगांग ब्योमे, फिलिप वाग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आफ्रिकी अगामांवर शोधनिबंधांची मालिकाच हाती घेतली. २००५ मध्ये पश्चिम केनियातल्या, युगांडाच्या सीमेवरच्या मलाबाहून अगामा फिंचाय ही नवी जात जाहीर झाली. त्या निबंधाच्या लेखकांत केनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे पॅट्रिक मलोंझाही होते. त्याच निबंधात लायोनोटसच्या दर्जाचीही चर्चा आहे. २००९ मध्ये वाग्नर आणि सहकाऱ्यांनी मुळालाच हात घातला: लिनियसचा 'अगामा' नक्की कोणता? नावाला बांधून ठेवणारा भरवशाचा प्रमाण नमुनाच नव्हता. त्यांनी कॅमेरूनमधला एक नमुना नव्याने प्रमाण म्हणून ठरवला. ही नुसती कागदोपत्री बाब वाटेल, पण त्यामुळे अगामा अगामा हे नाव पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या सरड्याला पक्कं बांधलं गेलं. पूर्व आफ्रिकेतले, त्यांच्याहून वेगळे ठरलेले सरडे मग त्या नावाखाली ठेवता येईनात.

त्याच वर्षी संशोधक ॲडम लीशे आणि सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या घटकाच्या) डीएनएवरून या वंशाची वंशावळ मांडली आणि २०१४ मध्ये पेशीकेंद्रातल्या डीएनएची भर घालून ती पुन्हा तपासली. आफ्रिकेच्या प्रदेशांनुसार जातींचे गट पडतात, पूर्व आफ्रिकेतल्या जातींचा आपसांतला संबंध जवळचा आहे, हे त्यातून पुढे आलं. तेव्हा नैवाशाच्या भिंतीवर बसलेल्या सरड्याला कॅमेरूनच्या सरड्याचं नाव देणं आता कुठल्याच आधारावर टिकत नाही.

नावाचा हा घोळ आफ्रिकेबाहेरही पोचला होता. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेले अगामा वस्ती करून आहेत. वर्षानुवर्षं त्यांना अगामा अगामा म्हटलं जायचं. २०१६ मध्ये डीएनए तपासल्यावर ते पश्चिम आफ्रिकेतले अगामा पिक्टिकॉडा निघाले. आणखी एक जुनं उदाहरण मला नेहमी आठवतं. अंडं कोणत्या तापमानात उबवलं जातं यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरू शकतं, ही गोष्ट सरपटणाऱ्या प्राण्यांत पहिल्यांदा दाखवली ती मादलेन शार्निए या सेनेगलमधल्या डकारच्या संशोधिकेने, १९६६ साली, अगामा अगामाच्या अंड्यांवर. जीवशास्त्रातला हा मोलाचा शोध. आज तो निबंध वाचताना पहिला प्रश्न पडतो: आताच्या वर्गीकरणाप्रमाणे ती अंडी कोणत्या जातीची होती?

सेरेंगेटीचा सरडा: म्वांझाचा

आता पहिल्या फोटोकडे परत येऊ. चपटं डोकं, चपटं धड, खांद्यांपर्यंत गुलाबी, पट्टे नसलेली निळी शेपूट, आणि ठिकाण व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेचं ग्रॅनाइटचं मैदान. हे वर्णन अगामा म्वांझाएशी जुळतं.

ही जात आर्थर लव्हरिज यांनी १९२३ मध्ये नोंदवली. लव्हरिज हे पूर्व आफ्रिकेच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासातलं सगळ्यांत मोठं नाव. नैरोबीच्या संग्रहालयात काम, पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतली लष्करी सेवा, मग टांगानिकात (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीत) शिकार खात्यात नोकरी आणि १९२४ पासून हार्वर्डच्या संग्रहालयात. म्वांझा हे व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावरचं शहर. पाण्यातून आणि घरांमधून ग्रॅनाइटचे गोटे वर आलेले, सरड्यांना याहून चांगली जागा कुठली?

लव्हरिज यांनी या सरड्याला सुरुवातीला स्वतंत्र जात मानलं नव्हतं. त्यांनी त्याला अगामा प्लॅनिसेप्सची उपजात केलं. प्लॅनिसेप्स हा नामिबियातला, मधे दोन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. आज हे विचित्र वाटतं, पण समोर नमुने ठेवून पाहिलं तर लव्हरिज यांचं म्हणणं कळतं. दोघेही चपट्या डोक्याचे, दोघेही उघड्या खडकांवरचे, दोघांच्याही नराचं डोकं तांबूस आणि अंग निळं. त्या काळी हातात खवले, मापं आणि रंग एवढंच होतं, आणि तेवढ्यावर हा निष्कर्ष प्रामाणिक होता. खडकाच्या अरुंद फटीत शिरून जीव वाचवणाऱ्या प्राण्याला चपटं अंग उपयोगाचं असतं. तेच जगणं दोन ठिकाणी, तर तोच आकारही दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे येऊ शकतो. पुढे डीएनएच्या वंशावळीत म्वांझाए पूर्व आफ्रिकेच्या नातेवाइकांमध्ये जाऊन बसला आणि नामिबियाशी असलेलं साम्य दिसण्यापुरतंच राहिलं.

मला ही गोष्ट काकांना मुद्दाम सांगावीशी वाटली, कारण त्यांचा प्रश्न आणि लव्हरिज यांच्यापुढचा प्रश्न एकच होता. फरक एवढाच की लव्हरिज यांच्या हातात सरडा होता. खवले पाठीच्या मध्यावर गुळगुळीत आहेत की मधोमध उभी कड असलेले, धडाभोवती खवल्यांच्या किती ओळी भरतात, नराच्या अवसारणीपुढे (शेपटीच्या बुडाशी असलेल्या मलमूत्र-जननाच्या छिद्रापुढे) जाडसर खवल्यांच्या किती रांगा आहेत, हे त्यांना मोजता येत होतं. फोटोत यातलं जवळजवळ काहीच मोजता येत नाही.

तरीही पहिल्या फोटोबद्दल मी म्वांझाए म्हणायला कचरलो नाही. पूर्ण रंगातला नर, रंगाची मांडणी स्पष्ट, डोक्याचा आकार स्पष्ट, आणि ठिकाण या जातीच्या ओळखीच्या पट्ट्यात: वायव्य टांझानिया, सेरेंगेटी, आणि सीमेपलीकडचं केनियातलं मसाई मारा. चार पुरावे एकाच बाजूला. यांतला एकही एकट्याने पुरला नसता.

दुसरा सोपा, तिसरा अडलेला

नैवाशाच्या फोटोला फार वेळ लागला नाही. केशरी-तांबडं डोकं, तांबूस गळा, पट्टेदार शेपूट, आणि ठिकाण केनियातून जाणारं रिफ्ट खोरं, म्हणजे जमीन खचून तयार झालेली लांबलचक दरी. अगामा लायोनोटस. केनियात लॉजच्या भिंतींवर, पुलांवर, शाळांच्या कुंपणांवर दिसणारा हाच. माणसाच्या बांधकामाशी त्याने छान जुळवून घेतलं आहे.

एल्मेन्टाइटाचा तिसरा फोटो मात्र अडला. सकाळी सातची वेळ, थंडी, रंग नाही. ही लायोनोटसची मादी असू शकते, दुय्यम नर असू शकतो, किंवा अजून न तापलेला वरचढ नरही. पण एल्मेन्टाइटा म्हटल्यावर आणखी एक नाव समोर येतं. १९१० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ मीक यांनी वर्णिलेला अगामा कॉडोस्पायनोसा याच सरोवराच्या नावाने ओळखला जातो, एल्मेन्टाइटाचा खडक-सरडा. हा रिफ्ट खोऱ्याच्या उंच भागातला, अंगाने थोराड, आणि त्याची ठळक खूण म्हणजे शेपटीवरचे काटेरी खवल्यांचे वळसे. दोन्ही जाती या परिसरात असू शकतात. ठरवणारी खूण शेपटीवर होती आणि शेपूट शिळेआड.

मी काकांना विचारलं, "याच्या आगेमागे काढलेले फोटो आहेत का?" होते. त्यांनी सहलीतला एकही फोटो पुसलेला नव्हता, आणि त्याबद्दल मी त्यांचे मनापासून आभार मानले. पुढच्या फ्रेममध्ये सरडा वळला होता आणि शेपटीचा बुडाकडचा भाग दिसत होता, पण धूसर. खवले उठावदार वाटत होते. मोठं करून पाहिलं तर तो उठाव खवल्यांचा की तिरप्या उन्हाच्या सावल्यांचा हे सांगता येईना. काकांना तो कॉडोस्पायनोसाच असावा असं फार वाटत होतं. ज्या सरोवराच्या नावाने सरडा ओळखला जातो तिथेच तो टिपला, ही ओळ प्रदर्शनात शोभून दिसली असती. मी नको म्हटलं. ठिकाण हा पुरावा आहे, पण दोन जाती एकाच ठिकाणी संभवत असतील तर तो पुरावा कुणाच्याच बाजूने बोलत नाही.

"म्हणजे नुसतं अगामा लिहू? अर्धवट नाही वाटणार?" त्यांनी विचारलं.

वाटू नये. वंशापर्यंत खात्रीने पोचलेली नोंद ही पूर्ण नोंद आहे. जातीचं नाव अंदाजाने टाकलेली नोंद पुढे कुणाच्या तरी नकाशावर ठिपका होऊन बसते, आणि तो ठिपका पुसायला कुणाला तरी एल्मेन्टाइटाला जावं लागतं. आपल्याकडे हे घडलेलं आहे. कॅलोटीस वर्सिकलर या एका नावाखाली इराणपासून आग्नेय आशियापर्यंतचे सरडे नोंदले गेले होते. गौरांग गोवंडे आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये डीएनए आणि शरीररचना तपासून दक्षिण आशियातल्या या सरड्यांत अनेक जाती असल्याचं दाखवलं. आता जुन्या नोंदींपैकी कोणती कोणत्या जातीची हे ठरवायचं तर ठिकाण आणि नीट फोटो असलेल्या नोंदीच उपयोगी पडतात.

प्रदर्शनातल्या चिठ्ठ्या

शेवटी चिठ्ठ्या अशा ठरल्या. पहिल्या फोटोखाली: अगामा म्वांझाए, पूर्ण रंगातला नर, सेरोनेरा, सेरेंगेटी, टांझानिया, सोबत महिना आणि वेळ. दुसऱ्याखाली: अगामा लायोनोटस, नर, नैवाशा, केनिया. तिसऱ्याखाली: अगामा वंश, जात अनिश्चित, एल्मेन्टाइटा, केनिया, सकाळची वेळ, खडकावर. तिसऱ्या चिठ्ठीत दोन्ही शक्य जातींची नावं आणि 'शेपटीचे खवले स्पष्ट दिसत नाहीत' हे कारणही लिहायला लावलं. ॲपवर तिन्ही नोंदी दुरुस्त केल्या. पहिल्या नोंदीचं ठिकाण आधी नुसतं 'टांझानिया' होतं. काकांनी फोटोतल्या वेळेवरून त्या दिवशीची गाडीची वाट आठवून ते सेरोनेराजवळ नेमकं बसवलं. म्वांझाएच्या नोंदीत त्या दुरुस्तीचं मोल नावाइतकंच आहे.

मंडळातली आणखी काही माणसं ऑगस्टमध्ये मारा आणि रिफ्ट खोऱ्याला जाणार आहेत. त्यांना सांगून ठेवलं आहे: सरडा दिसला की एक फोटो पूर्ण अंगाचा, एक गळ्याचा कुशीवरून, एक शेपटीचा बुडापासून टोकापर्यंत, आणि एक भोवतालच्या जागेचा. सकाळी मळकट दिसलेला सरडा ऊन चढल्यावर त्याच शिळेवर पुन्हा पाहायचा. शेजारी माद्या आणि पिल्लं असतील तर त्यांचेही फोटो घ्यायचे, कारण या गटात त्यांच्या अंगावरची नक्षी ओळखीला मदत करते आणि ती टिपायचं कुणाच्या मनातच येत नाही. हात लावायचा नाही, दगड उलटायचे नाहीत, आणि राष्ट्रीय उद्यानात गाडीतून उतरायची परवानगी नसेल तिथे लांबूनच समाधान मानायचं. एल्मेन्टाइटाच्या त्या शिळेचं ठिकाण काकांनी त्यांना नकाशावर खूण करून दिलं आहे.